टीबीची औषधं सुरू झाली आणि डोळा आणखी बिघडला: एका बसचालकाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण चाळिशीच्या आतले, पश्चिम महाराष्ट्रातले, पेशाने बसचालक. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. उजव्या डोळ्याने तीन आठवडे नीट दिसत नाही, ही तक्रार. कसं दिसत नाही, हे त्यांनी फार नेमकं सांगितलं: "पुढच्या गाडीची पाटी दिसते मॅडम, पण नंबरातले मधले दोन आकडे खाल्ल्यासारखे वाटतात." डोळा लाल नव्हता, दुखत नव्हता, चिकटत नव्हता. त्यामुळेच घरात आणि बाहेरही कुणी फारसं मनावर घेतलं नाही. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून झाला, गावातल्या दवाखान्यातून कोरडेपणाचे थेंब मिळाले. बाहुली मोठी करून पडदा पाहायची वेळ आमच्याकडे आल्यावर आली.

उजव्या डोळ्याची दृष्टी ६/१२, डाव्याची ६/६ (म्हणजे निरोगी). स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकावर, डोळ्याचा पुढचा भाग शांत होता. मागच्या व्हिट्रियसमध्ये, म्हणजे डोळ्यात भरलेल्या पारदर्शक जेलीत, मात्र प्रकाशाच्या झोतात बारीक ठिपके तरंगताना दिसत होते. या पांढऱ्या पेशी. निरोगी डोळ्यात त्या अशा दिसत नाहीत. पडद्यामागे, कोरॉइड या रक्तवाहिन्यांच्या थराच्या पातळीवर, पिवळट पांढरे डाग होते. काही सुटे, काही एकमेकांना चिकटून वेड्यावाकड्या कडेचे झालेले. डागांचा मधला भाग विझत आलेला आणि कडा ताजी. दृष्टीचा जो अगदी मधला बिंदू, तो अजून वाचला होता, पण कडा त्याच्या जवळ पोचली होती.

डाव्या डोळ्याबद्दल त्यांची काहीच तक्रार नव्हती. तरी तिथे, कडेला, दोन जुने, काळसर, पूर्ण भरलेले व्रण सापडले. म्हणजे हे दुखणं पूर्वी कधीतरी त्या डोळ्यात येऊन, गाजावाजा न करता गेलेलं होतं. माझ्या मते सगळ्या तपासणीत सर्वांत बोलकी गोष्ट हीच होती.

वडिलांना बऱ्याच वर्षांपूर्वी टीबी झाला होता आणि त्यांनी 'कोर्स पूर्ण केला होता'. रुग्णाला स्वतःला खोकला नाही, ताप नाही, वजन घटलेलं नाही.

अडचण

या चित्राला सर्पिजिनससारखा कोरॉइडायटिस, म्हणजे सापासारखा सरकत जाणारा कोरॉइडचा दाह, म्हणतात, आणि आपल्याकडे त्यामागे टीबी असण्याची शक्यता पहिल्यांदा धरावी लागते. चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतल्या नेत्रतज्ज्ञांनी २००३ साली हा गट ठळकपणे मांडला. दिसायला मूळ सर्पिजिनस आजारासारखाच, पण डाग अनेक आणि विखुरलेले, व्हिट्रियसमध्ये पेशी हमखास, आणि टीबीच्या चाचण्या सकारात्मक. मूळ आजारात उपचार म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणं. टीबीमागून आलेल्या आजारात नुसतं तेवढंच केलं तर जंतूला मोकळं रान मिळतं. वरून सारखे दिसणारे दोन आजार आणि उपचार जवळजवळ उलट.

तपासण्यांमध्ये मांटू, म्हणजे टीबीची हातावर टोचून करायची चाचणी, २० मिलिमीटरच्या वर आली. हातावरचा टणक उंचवटा बोटाने चाचपून, त्याच्या दोन्ही कडांना पेनाने खूण करून मोजायचा असतो. भोवतीचा लालसरपणा धरायचा नाही. इथे उंचवट्यावर फोडही आला होता. टीबीचीच रक्तातली इग्रा चाचणी सकारात्मक. छातीचा साधा एक्स-रे स्वच्छ, पण सीटी स्कॅनमध्ये छातीच्या मध्यभागी लहान, चुना साचलेल्या गाठी. एचआयव्ही आणि सिफिलिस नकारात्मक. साखर सीमारेषेवर.

एवढं असूनही 'डोळ्यात टीबी आहे' असं सिद्ध झालं नव्हतं. इथेच छातीच्या डॉक्टरांनी रास्त शंका काढली: फुफ्फुसात काही चालू नाही, थुंकीच येत नाही, मांटू तर या देशात निम्म्या लोकांची वर येईल; मग चार औषधं महिनोन्‌महिने कशाच्या आधारावर द्यायची?

डोळ्यात नेमकं काय घडत असतं

निर्णय कळायचे तर आधी पेशींबद्दल थोडं बोलावं लागेल.

डोळा हा शरीरातला जपून ठेवलेला भाग आहे. पडद्याच्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की रक्तातल्या पांढऱ्या पेशी सहजासहजी आत येत नाहीत, आणि आलेल्यांना शांत ठेवणारी रसायनं आणि नियामक टी पेशी (पांढऱ्या पेशींचीच एक जात) आत असतात. दाह झाला तर डोळा वाचेल, पण त्यातली नाजूक जोडणी वाचणार नाही, म्हणून ही तजवीज. पण शरीरात दुसरीकडे, समजा छातीतल्या गाठीत, टीबीच्या जंतूवर तयार झालेल्या आणि चेतवलेल्या टी पेशी ही भिंत ओलांडू शकतात.

टीबीचे जंतू पडद्यामागच्या रंगद्रव्य थराच्या पेशींमध्ये राहू शकतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, काढाव्या लागलेल्या डोळ्याच्या तुकड्यांमध्ये ते तिथेच सापडले होते. जंतूंची संख्या मात्र अगदी थोडी. भोवती जमते ती सीडी-४ टी पेशी, भक्षक पेशी आणि त्यांच्यापासून बनलेल्या महाकाय पेशींची गाठ. टी पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात, त्याने भक्षक पेशी चवताळतात, आणि जंतूला मारण्याच्या भरात आजूबाजूचा रंगद्रव्य थर आणि त्यावरच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात. इग्रा चाचणी मोजते तो हाच इंटरफेरॉन गॅमा, आणि मांटूच्या उंचवट्यात दोन-तीन दिवसांत गोळा होतात त्याही याच जातीच्या टी पेशी. दोन्ही चाचण्या जंतू शोधत नाहीत. जंतूची आठवण ठेवणाऱ्या पेशी शोधतात. म्हणून त्यांनी 'टीबी आहे' हे सिद्ध होत नाही, आणि म्हणूनच डोळ्यात काय चाललं असेल याचा त्या अंदाज देतात.

याच्या पुढची गोष्ट आपल्याच देशातल्या संशोधनातून आली. भुवनेश्वरच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या गटाने २०१७ साली टीबीशी संबंधित युव्हायटिसच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या दाहाच्या, रुग्णांचा व्हिट्रियस तपासला. त्यात दोन प्रकारच्या टी पेशी मिळाल्या: एक जंतूच्या प्रथिनाला उत्तर देणाऱ्या, दुसऱ्या चक्क रुग्णाच्या स्वतःच्या पडद्यातल्या प्रथिनांना उत्तर देणाऱ्या. काम संपल्यावर टी पेशींनी मरून जायचं असतं. ही दुसरी जात मरायलाही तयार नव्हती.

म्हणजे जंतू मारणं आणि या पेशी शांत करणं ही दोन वेगळी कामं आहेत. एक झालं म्हणून दुसरं आपोआप होत नाही. या रुग्णाच्या बाबतीत पुढे जे घडलं ते सगळं या एका वाक्यात आहे.

पर्याय आणि पहिला निर्णय

नुसती स्टेरॉइड दिली असती तर महिन्याभरात डोळा बरा दिसला असता. हा मोह मोठा असतो, कारण रुग्ण खूश होतो. पण स्टेरॉइड कमी करताच डाग परत येतात, आणि छातीत झोपलेला टीबी जागा होण्याचा धोका वेगळाच. नुसती टीबीची औषधं दिली तर दाहाला लगाम राहत नाही, आणि इथे कडा मध्यबिंदूच्या दाराशी होती. व्हिट्रियसचा नमुना काढून पीसीआर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी, करावी का, यावरही बोलणं झालं. जंतू इतके थोडे असतात की उत्तर नकारात्मक आलं तरी काही ठरत नाही. शस्त्रक्रियेचा धोका मात्र नक्की. छातीतल्या गाठीचा दुर्बिणीतून नमुना घेण्याचा पर्याय छातीच्या डॉक्टरांनीच पुढे केला आणि सीटी पुन्हा पाहून त्यांनीच मागे घेतला: गाठी लहान आणि चुनामय होत्या.

शेवटी आधार घेतला तो डोळ्याच्या टीबीवर काम करणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या एकमताचा. पडद्याचं चित्र या प्रकारचं, मांटू किंवा इग्रा यांपैकी एक सकारात्मक आणि छातीत टीबीच्या खुणा, असं असेल तर टीबीची औषधं सुरू करावीत. इथे तिन्ही होतं, वर डाव्या डोळ्यातले जुने व्रण. छातीच्या डॉक्टरांना पडद्याचे फोटो मोबाइलवर पाठवले, फोनवर बोलणं झालं, आणि ते राजी झाले.

आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथॅम्ब्युटॉल ही चार औषधं वजनानुसार सुरू झाली, सोबत पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व). निक्षय या सरकारी टीबी नोंदणी प्रणालीवर नोंद झाली. दोन-चार दिवसांनी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, किलोमागे १ मिलिग्रॅम.

एथॅम्ब्युटॉलवर जास्त वेळ गेला. हे औषध डोळ्याच्या नसेला बाधू शकतं, रंग ओळखणं आधी बिघडतं, आणि समोर होता सिग्नलवर पोट असलेला माणूस. ते वगळावं, असा एक विचार होता. पण डोस किलोमागे १५ मिलिग्रॅमच्या आसपास असेल आणि मूत्रपिंड ठीक असेल तर धोका कमी असतो, आणि नमुनाच नसल्याने औषधाला न जुमानणाऱ्या जंतूची चाचणी करता येत नव्हती. अशा वेळी चौथं औषध काढून टाकणं पटलं नाही. ते ठेवलं, दर महिन्याला दृष्टी आणि इशिहाराच्या ठिपक्यांच्या पानांवर रंगांची तपासणी, असं ठरलं.

तिसरा आठवडा

तिसऱ्या आठवड्यात रुग्ण ठरल्या तारखेच्या आधीच आले. दृष्टी ६/२४. डागांची कडा मध्यबिंदूकडे सरकली होती आणि शेजारी दोन नवे डाग उमटले होते. सोबत आलेल्या पत्नीने खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, ह्यांच्या गोळ्या चालू केल्या आणि डोळा जास्तच गेला. आजपासून बंद करू ना?"

प्रश्न चुकीचा नव्हता. गोळीने आजार वाढला तर गोळी थांबवावी, ही घरातली साधी अक्कल आहे, आणि एरवी ती बरोबरही असते. छातीच्या डॉक्टरांनाही तेच वाटलं: एकतर निदान चुकलं, नाहीतर जंतू औषधाला दाद देत नाही.

टेबलावर चार शक्यता होत्या.

एथॅम्ब्युटॉलचा दुष्परिणाम ही पहिली. ती लगेच बाजूला झाली: इतक्या लवकर तो सहसा होत नाही, होतो तो दोन्ही डोळ्यांत, इथे डाव्या डोळ्याचे रंग स्वच्छ, बाहुल्यांची प्रतिक्रिया सारखी, आणि उजव्या डोळ्यात दृष्टी का गेली ते पडद्यावर समोर दिसत होतं.

निदान मुळातच चुकलं असणं ही दुसरी. सिफिलिस नकारात्मक होता. हर्पिस गटातले विषाणू आणि पांढऱ्या पेशींचाच कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, यांचा विचार झाला. वय आणि डागांचं रूप त्यांच्या बाजूने नव्हतं, पण नाव यादीतून खोडलं नाही. औषधाला न जुमानणारा टीबी ही तिसरी. शक्य, पण तीन आठवड्यांत ते सांगता येत नाही.

चौथी शक्यता, औषध काम करतंय म्हणूनच डोळा बिघडतोय. जंतू मरतात तेव्हा त्यांच्या आवरणाचे तुकडे आणि प्रथिनं एकदम मोकळी होतात, टी पेशींना अचानक भरपूर खाद्य मिळतं आणि दाह उसळतो. मानेच्या टीबीत औषध चालू असताना गाठी फुगतात हे छातीच्या डॉक्टरांनी शेकडो वेळा पाहिलेलं असतं. मी फोनवर तेच म्हटलं, "मानेची गाठ फुगली तर तुम्ही औषध थांबवता का?" पलीकडून थोडा वेळ काही आवाज नाही, मग, "नाही थांबवत." मानेत गाठ फुगली तर दिसायला वाईट दिसतं, एवढंच. पडद्यात तोच प्रकार मिलिमीटरभर झाला तरी माणसाची नोकरी जाते. फरक तेवढाच.

वेळेचा मेळ, पहिल्या डागांच्याच कडेने झालेली वाढ आणि शांत डावा डोळा या तिन्हींमुळे चौथी शक्यता सर्वांत वजनदार ठरली. रिफाम्पिसिनचा मुद्दाही होता. ते यकृतातली विकरं वाढवतं आणि प्रेडनिसोलोन लवकर संपवतं. कागदावर पूर्ण डोस असतो, पण टी पेशींपर्यंत पोचणारा परिणाम त्याच्या बऱ्याच खाली.

ठरलं ते असं: टीबीची औषधं एक दिवसही थांबवायची नाहीत. शिरेतून मिथाइलप्रेडनिसोलोन रोज १ ग्रॅम, तीन दिवस. त्यानंतर तोंडाने प्रेडनिसोलोन, रिफाम्पिसिनचा हिशोब धरून, आणि आधी ठरवलेल्यापेक्षा खूप सावकाश कमी करत. डोळ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देण्याचा पर्याय राखून ठेवला. आणखी एक गोष्ट त्याच दिवशी केस पेपरवर लिहिली: दहा दिवसांत कडा थांबली नाही, तर व्हिट्रियसचा नमुना काढून विषाणू, टीबी आणि लिम्फोमा तिन्हींसाठी पाठवायचा. असा मुदतीचा दगड आधी रोवला नाही तर 'आणखी थोडं पाहू' म्हणत आठवडे जातात.

पत्नीला समजावणं हे वेगळंच काम होतं. पेशी, प्रथिनं असलं काही न सांगता पडद्याचे दोन फोटो शेजारी ठेवले, वाढलेली कडा दाखवली आणि म्हटलं, जंतू मरतोय, पण त्याच्यावर तुटून पडलेले आपलेच सैनिक आता आवरावे लागतील. गोळ्या थांबवल्या तर जंतूही उरेल आणि सैनिकही. त्याच बोलण्यात कळलं की सासूबाईंनी यांचं ताट-वाटी वेगळी काढली आहे आणि मुलांना जवळ जाऊ देत नाहीत. डोळ्यातला टीबी श्वासातून पसरत नाही, हे कुणीच घरी सांगितलं नव्हतं. ताट त्या दिवशी परत आत गेलं, असं पुढच्या भेटीत कळलं.

परिणाम

मिथाइलप्रेडनिसोलोनच्या दुसऱ्या दिवशी साखर तीनशेच्या जवळ गेली आणि काही आठवडे इन्सुलिन लागलं. उजव्या डोळ्याचा दाब वाढला, थेंबांवर उतरला. दोन्ही अपेक्षित होतं.

नवव्या दिवशी कडा थांबल्याची पहिली खूण मिळाली. डोळ्याच्या स्वयंप्रकाशी छायाचित्रात (पडद्याची स्वतःची मंद चमक टिपणाऱ्या फोटोत) ताजी कडा पांढरी उजळलेली दिसते; ती जागोजागी काळवंडू लागली होती. व्हिट्रियसमधल्या पेशी कमी झाल्या होत्या. नमुना काढायची वेळ आली नाही. सहाव्या आठवड्यापर्यंत सगळे डाग विझले. दृष्टी आधी ६/१८, मग ६/१२, आणि सहाव्या महिन्यात ६/९.

आकडा चांगला आहे, पण मध्याच्या थोडं बाजूला एक कायमचा अंध ठिपका राहिला. तिथल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशी गेल्या त्या गेल्या. दोन्ही डोळे उघडे असताना तो जाणवत नाही. उजव्या एकट्या डोळ्याने वाचताना अक्षर अडतं. स्टेरॉइड पाच महिन्यांहून अधिक काळात हळूहळू बंद झाली. टीबीची औषधं नऊ महिने चालली. रंगांची तपासणी शेवटपर्यंत बिनचूक. औषधं संपल्यावर वर्ष उलटून गेलं तरी नवा डाग नाही.

गाडीवर परतण्याचा प्रश्न मात्र दृष्टीच्या आकड्याने सुटला नाही. उपचाराच्या काळात त्यांना आगारात बैठं काम मिळालं, भत्ते बुडाले. नंतर दृष्टिक्षेत्राची तपासणी करून, दोन्ही डोळ्यांनी मिळून काय दिसतं ते पाहून, तंदुरुस्तीचा दाखला मिळाला. लांब पल्ल्याची रात्रपाळी त्यांनी स्वतःहून सोडली.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत मोठा बदल पहिल्या दिवशीच्या बोलण्यात हवा. औषधं सुरू करतानाच रुग्णाला आणि छातीच्या डॉक्टरांना लेखी सांगायला हवं की पहिल्या काही आठवड्यांत डोळा बिघडू शकतो, तसं झालं तर औषध थांबवायचं नाही, त्याच दिवशी यायचं. हा रुग्ण स्वतःहून लवकर आला. घरीच गोळ्या बंद करून बसणारे रुग्णही असतात, आणि ते आपल्याकडे परत येतात तेव्हा मध्यबिंदू गेलेला असतो.

रिफाम्पिसिनमुळे स्टेरॉइडचा परिणाम घटतो, हे माहीत असूनही सुरुवातीचा डोस नेहमीच्या पुस्तकी हिशोबाने ठरतो. कडा मध्याजवळ असेल तर सुरुवातच शिरेतल्या स्टेरॉइडने करावी का, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. या रुग्णाची साखर सीमेवर नसती तर माझा कल तिकडे झुकला असता. सीमेवर असतानाही झुकायला हवा होता का, याचं उत्तर या एका प्रकरणातून निघत नाही.

दर आठवड्याला स्वयंप्रकाशी छायाचित्र, पहिल्या दीड महिन्यात, हे ठरवून करता येण्यासारखं आहे. त्याला सुई लागत नाही, शिरेतून रंग टोचावा लागत नाही, आणि कडा सरकतेय की नाही हे ते दृष्टीच्या तक्त्याआधी सांगतं. इथे बिघाड कळला तो रुग्णाला कमी दिसायला लागल्यावर.

आणि डोळा लाल नाही, दुखत नाही, पण मधलं काही दिसेनासं झालंय, अशी तक्रार असेल तर नंबर तपासण्याआधी बाहुली मोठी करून पडदा पाहायला हवा. त्या थेंबांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात, रुग्णाला दोन-चार तास धूसर दिसतं आणि चालकाचा दिवस बुडतो, म्हणून तालुक्याच्या ठिकाणी ते टाळलं जातं. चालक असेल तर त्याला सुट्टीच्या दिवशी बोलवावं, सोबत कुणाला तरी आणायला सांगावं.